जहाज किती हलतं, आणि कुठं

जहाजांवर मोशन सेन्सर बसवण्याच्या कामात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात राबणारी पुरवठा जहाजं, पाणबुड्यांना खाली सोडणारी डायव्हिंगची जहाजं, बंदरांची खोली मोजणाऱ्या लहान सर्व्हे लाँच, अशा सगळ्यांवर. अजूनही खरेदी करणाऱ्यांचे फोन येतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो: "साहेब, कुठला सेन्सर घेऊ? ०.०२ अंश ॲक्युरसीवाला घेतला तर चालेल ना?" मी उलट विचारतो, त्या आकड्यावरून जहाजावर कोण काय ठरवणार आहे? याचं उत्तर बहुतेकांकडे तयार नसतं. माझ्या मते खरेदीची सुरुवात मात्र तिथूनच व्हायला हवी.

जहाज सहा तऱ्हांनी हलतं. या कुशीवरून त्या कुशीवर कलतं तो रोल, नाळ वर जाते आणि मागचा भाग खाली बसतो तो पिच, तोंड डावीउजवीकडे फिरतं तो यॉ. उरलेल्या तीन हालचाली सरळ रेषेतल्या: पुढं-मागं सर्ज, आडवं सरकणं म्हणजे स्वे, आणि लाटेबरोबर अख्खं जहाज वर-खाली होतं तो हीव. हे मोजणाऱ्या डब्याला आम्ही एमआरयू म्हणतो. आत तीन दिशांना तीन ॲक्सेलरोमीटर आणि तीन जायरो असतात. स्वस्त डब्यात जायरो सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले असतात. महागड्या डब्यात काचेच्या तंतूचं वेटोळं असतं. त्यातून प्रकाश दोन उलट दिशांना सोडायचा आणि वेटोळं फिरलं की दोन किरणांमध्ये जो फरक पडतो तो मोजायचा. हा परिणाम फ्रेंच शास्त्रज्ञ सान्याक यांनी १९१३ मध्ये प्रयोगानं दाखवला होता.

साधा कलमापक लावून का भागत नाही, हे मला नेहमी विचारलं जातं. घाटातल्या वळणावर एसटीत बसलं की हातातल्या बाटलीतलं पाणी एका बाजूला चढतं. बस तेवढी कललेली नसते, पाण्याला मात्र ती कललेली वाटते. एखादी लाँच ६ नॉट वेगानं ३० मीटर त्रिज्येचं वळण घेते तेव्हा नुसत्या गुरुत्वावर चालणाऱ्या कलमापकाला असाच जवळजवळ २ अंशांचा खोटा कल दिसतो. जायरोला हा भुलावा होत नाही, पण तो स्वतः हळूहळू भरकटतो. म्हणून दोघांचा मेळ घालणारं सॉफ्टवेअर लागतं, आणि त्या सॉफ्टवेअरला जीपीएसवरून जहाजाचा वेग व दिशा मिळाली तरच वळणातली चूक ते पुरती काढू शकतं. माहितीपत्रकात ॲक्युरसीचा आकडा ठळक छापलेला असतो. ही अट तळाशी बारीक अक्षरांत असते. मी माहितीपत्रक तळाकडूनच वाचायला घेतो.

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत हीवमध्ये होते. हीव हा डबा थेट मोजतच नाही. तो उभ्या दिशेचं त्वरण मोजतो. त्याची एकदा बेरीज केली की वेग मिळतो, दुसऱ्यांदा केली की अंतर. त्वरणात दर सेकंद वर्गाला फक्त ०.०१ मीटरची चूक धरा. दोन बेरजा होईपर्यंत ती मिनिटभरात १८ मीटरची होते. म्हणजे धक्क्याला बांधून ठेवलेली बोट पडद्यावर पाच-सहा मजले वर गेलेली दिसेल. हे टाळण्यासाठी आत एक गाळणी असते. लाटेसारखी भराभर होणारी हालचाल ती ठेवते आणि संथ हालचाल काढून टाकते. नव्या मुलांना मी हे हातानं करून दाखवतो. डबा जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवायचा. पडद्यावरची रेघ टेबलाच्या उंचीएवढी वर जाते आणि डबा टेबलावरच असताना हळूहळू शून्यावर येऊन बसते. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी सहा तासांत चार-साडेचार मीटर चढतं, त्याचा या सेन्सरला पत्ताही लागत नाही. माल भरल्यावर जहाज खाली बसतं, तेही त्याला कळत नाही. त्यासाठी भरतीमापक लागतो, नाहीतर सेंटिमीटरपर्यंत उंची देणारा जीपीएस.

म्हणून हीवचा आकडा लाटेच्या पीरियडशिवाय वाचायचा नसतो. '५ सेंटिमीटर किंवा ५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते' असं बऱ्याच माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. किती सेकंदांच्या लाटेपर्यंत, ते शोधावं लागतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हा मुद्दा फार कळीचा आहे. पावसाळ्यापूर्वी कधीकधी वारा पडलेला असतो, पाणी चकचकीत दिसतं आणि तरीही बोट संथपणे वर-खाली होत राहते. या लाटा हजारो किलोमीटरवरच्या दक्षिणी महासागरातल्या वादळांतून निघालेल्या असतात आणि दोन लाटांमध्ये १५ सेकंद, कधी त्याहूनही जास्त अंतर असतं. केरळात त्यांना कल्लक्कडल म्हणतात आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यांचे इशारे देते. आठ-दहा सेकंदांच्या लाटेसाठी बेतलेली गाळणी अशा लाटेचा काही भाग संथ हालचाल समजून काढून टाकते आणि उरलेला चुकीच्या वेळी दाखवते. समुद्र शांत आहे म्हणून काम काढलेल्या दिवशीच खोलीच्या नकाशावर लाटांसारख्या वळ्या उमटतात. समुद्रतळ तसा नसतोच.

या गाळणीला सावरायला वेळ लागतो, हा तिचा दुसरा स्वभाव. रत्नागिरीजवळच्या एका खाडीच्या तोंडाशी आम्ही खोलीची मोजणी करत होतो. तांडेल त्याच पाण्यावर वाढलेला माणूस. एक रेषा संपली की तो लाँच जागच्या जागी गर्रकन वळवायचा आणि लगेच पुढची रेषा धरायचा. मी त्याला सांगितलं, "तांडेल, वळल्यावर थोडं लांबून सरळ या."

"साहेब, रेषा तर बरोबर धरतोय की मी. डिझेल कशाला जाळायचं?"

त्याला पडद्यापाशी बोलावलं. वळताना हीवची रेघ कशी एका बाजूला ओढली जाते आणि सरळ चालायला लागल्यावरही कितीतरी वेळ कशी खाली-वर सरकत राहते, ते दाखवलं. त्यानं ते एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून सुकाण्यावर उभा राहून तोच मान वळवून रेघ बघायचा आणि बसली की म्हणायचा, "आता घ्या." सर्व्हे लाँचसाठी सेन्सर निवडताना मी किमतीइतकंच या सावरण्याच्या वेळेला महत्त्व देतो. खाडीच्या अरुंद तोंडाशी लांब सरळ यायला जागाच नसते. महाग सेन्सर तिथं आपली किंमत वसूल करून देतो.

मोजणीच्या कामाला एक सवलतही आहे. नकाशा त्याच क्षणी लागत नाही. त्यामुळे काही मिनिटं थांबून, पुढची आणि मागची लाट दोन्ही पाहून काढलेला हीव वापरता येतो, आणि तो ताबडतोबीच्या हीवपेक्षा कितीतरी खरा असतो. कॅनडातल्या ॲप्लॅनिक्सच्या पॉस एमव्हीसारख्या यंत्रणांनी सर्व्हेच्या जगात नाव कमावलं त्यात या सोयीचा वाटा आहे. क्रेनच्या चालकाला किंवा हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला ही सोय काही कामाची नाही. त्यांना आताचं आता हवं असतं.

अंशांच्या आकड्याकडे येतो, कारण सगळे त्याच्याच मागे असतात. मल्टिबीम सोनार तळावर पंख्यासारखे किरण सोडतो. २० मीटर पाण्यात, उभ्यापासून ६० अंश बाजूला गेलेल्या किरणाला रोलमधली ०.०५ अंशांची चूक ३ सेंटिमीटरला पडते आणि ०.२५ अंशांची चूक १५ सेंटिमीटरला. आंतरराष्ट्रीय जलमापन संघटनेच्या एस-४४ मानकात बंदरांच्या अवघड भागांसाठी जी 'स्पेशल ऑर्डर' आहे, तिच्यात एवढ्या खोलीला सगळ्या चुका मिळून सुमारे २९ सेंटिमीटरची मुभा आहे. त्यातले १५ एकट्या रोलनं खाल्ले, तर भरती, ध्वनीचा वेग आणि जीपीएस यांनी राहायचं कुठं? इथं चांगला सेन्सर हवाच, त्यात कंजुषी नको.

पण हाच चांगला सेन्सर एका साध्या केबलनं वाया जाताना मी पाहिला आहे. लहान लाँच ६ सेकंदांच्या लाटेत ५ अंश डोलत असेल तर मध्यावरून जाताना तिचा कल सेकंदाला ५ अंशांहून जास्त वेगानं बदलत असतो. आकडा सोनारपर्यंत पोचायला २० मिलिसेकंद उशीर झाला की ०.१ अंशाची चूक झाली. टीएसएस-१ नावाचा एक जुना आणि फार वापरातला संदेश २७ अक्षरांचा आहे. ९६०० बॉडच्या सीरियल लाइनवर तो नुसता वाहून जायलाच २८ मिलिसेकंद घेतो. ०.०२ अंशांसाठी लाखो रुपये मोजायचे आणि त्याच्या कितीतरी पट चूक केबलमध्ये घालवायची, हे मला पाहवत नाही. आकड्याबरोबर तो कोणत्या क्षणाचा आहे हे जीपीएसच्या घड्याळानुसार नोंदवणारा सेन्सर असेल, तर कागदावर तो थोडा कमी अचूक असला तरी मी तोच सुचवतो.

आता जागा. सेन्सर जिथं बसवलेला असतो तिथलाच हीव त्याला ठाऊक असतो. सोनार त्याच्यापासून १० मीटर आडवा असेल आणि जहाज ५ अंश कललं, तर सोनार ८७ सेंटिमीटर वर किंवा खाली गेलेला असतो. हे अंतर मोजून सॉफ्टवेअरला सांगितलं तर हिशेब जुळतो. दिशेचं चिन्ह उलटं पडलं तर चूक दुप्पट होते. त्यामुळे ही मोजमापं जहाज ड्रायडॉकमध्ये, पाण्याबाहेर स्थिर असताना टोटल स्टेशननं घ्यावीत असा माझा आग्रह असतो. ह्यूजेस ड्रायडॉक १९१४ पासून मुंबई बंदरात आहे आणि तिच्या तळाशी उभं राहून मोजलेला आकडा पुढं कित्येक वर्षं उपयोगी पडतो. बैठक जहाजाच्या मुख्य सांगाड्याला वेल्ड केलेली हवी. इंजिनाच्या थरथरीनं वाजणाऱ्या पत्र्याला ती लावू नये. सेन्सरच कलता आहे की बैठक, अशी शंका आली तर जहाज डॉकमध्ये स्थिर असतानाच रोल वाचायचा, डबा त्याच बैठकीवर बरोबर १८० अंश फिरवून पुन्हा वाचायचा. दोन वाचनांची सरासरी ही सेन्सरची चूक. या तपासणीला एक पैसा लागत नाही.

हेलिडेकवर तर जागेचा प्रश्न जिवाशी येतो. पुरवठा जहाजांचं हेलिडेक बहुधा नाळेकडे असतं, म्हणजे जहाजाच्या गुरुत्वमध्यापासून ४० मीटर पुढंही असू शकतं. अशा जहाजाचा पिच २ अंशांचा असेल तर ब्रिजवरच्या पडद्यावर तो किरकोळ वाटतो. पण ४० मीटर पुढं त्याच २ अंशांमुळे डेक १.४ मीटर वर आणि तितकंच खाली जातं, आणि ७ सेकंदांच्या लाटेत त्याचा उभा वेग सेकंदाला सव्वा मीटरपर्यंत पोचतो. उतरणाऱ्या हेलिकॉप्टरला हा वेग समजायला हवा. ब्रिटनच्या नागरी हवाई प्राधिकरणाचं कॅप ४३७ हे मार्गदर्शन तेल उद्योगात जगभर मानलं जातं. त्यात हेलिडेकच्या रोल-पिचबरोबर या उभ्या वेगाचाही विचार आहे, आणि मर्यादा हेलिकॉप्टर कोणतं, डेक कसं, दिवस की रात्र यांवर बदलतात. इथं ०.०२ अंशांची गरज नाही. डेकच्या मध्याचा हिशेब बरोबर लावणारा, मागच्या वीस मिनिटांतली सगळ्यात वाईट हालचाल दाखवणारा आणि स्वतः बिघडला तर तसं लाल अक्षरांत सांगणारा सेन्सर हवा. जुना आकडा पडद्यावर गोठून राहिला आणि वैमानिकाला तोच वाचून दाखवला गेला, याहून भयंकर मला काही वाटत नाही.

डायनॅमिक पोझिशनिंगची जहाजं नांगर न टाकता थ्रस्टरच्या जोरावर एका जागी उभी राहतात. त्यांच्या खाली पाणबुडे असतात. जीपीएसचा अँटेना डोलकाठीवर ३० मीटर उंच असेल आणि जहाज ५ अंश कललं, तर जहाज जागचं न हलताही अँटेना २.६ मीटर बाजूला जातो. हे वजा करायला एमआरयू लागतो. आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०१७ च्या सूचनांनुसार, वर्ग २ आणि ३ च्या जहाजांवर नियंत्रण ज्या संकेतांवर पूर्णपणे अवलंबून असतं, ते एकाच कामाच्या तीन यंत्रणांकडून यायला हवेत. म्हणजे एक खोटं बोलू लागला तर उरलेल्या दोघांवरून तो ओळखता येतो. एका जहाजावर मी असे तिघं पाहिले: एकाच लोखंडी पट्टीवर, एकाच ब्रेकरवर आणि एकाच आवृत्तीच्या सॉफ्टवेअरवर चालणारे. कागदोपत्री तीन होते, पण एक तार तुटली असती तर तिघंही एकदम गेले असते. सुदैवानं ती मांडणी पाणबुडे उतरण्याआधी बदलली गेली.

मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं. मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर. तिथं काम करणारा कोणीही २७ जुलै २००५ विसरू शकत नाही. मुंबईतल्या महापुराचा दुसरा दिवस. खराब हवामानात हेलिकॉप्टर उडू शकत नव्हती, म्हणून 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या एका जखमी कर्मचाऱ्याला क्रेननं प्लॅटफॉर्मवर हलवायचं होतं. खवळलेल्या समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मच्या गॅस वाहून नेणाऱ्या नळावर, म्हणजे रायझरवर आदळलं. आग लागली, दोन तासांत प्लॅटफॉर्म संपला आणि २२ माणसं गेली. कुठल्या सेन्सरमुळे हे झालं असं मी म्हणत नाही, तसं ते नव्हतंच. पण प्लॅटफॉर्मला खेटून उभं राहताना जहाज किती हलतंय आणि कुठला भाग किती हलतोय, हा प्रश्न किती माणसांच्या जिवाचा असू शकतो हे त्या दिवसानं मला कायमचं शिकवलं. तेव्हापासून मी या कामात तडजोड करत नाही.

आपल्याकडे तडजोड बहुतेक वेळा निविदेतच होते. एखाद्या माहितीपत्रकातले सगळ्यात सुंदर आकडे उतरवून काढायचे, पुढं 'किंवा याहून चांगले' असं जोडायचं आणि जो सर्वांत कमी दर भरेल त्याला काम द्यायचं. पीरियड लिहिलेला नसतो, उशीर लिहिलेला नसतो, जागा लिहिलेली नसते. मग जो सेन्सर येतो तो कागदाला पुरेसा असतो, समुद्राला पुरत नाही. उलट काही ठिकाणी गरज नसताना फार वरच्या दर्जाचा फायबर ऑप्टिक सेन्सर मागवला जातो. असे सेन्सर क्षेपणास्त्रांतही वापरता येतात, म्हणून बऱ्याच देशांत त्यांच्या निर्यातीवर निर्बंध आहेत. अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र, परवाने, कस्टम, आणि पुढं कॅलिब्रेशनसाठी तोच डबा पुन्हा परदेशी. त्या काळात जहाज काय करणार, हे विचारलं जात नाही. माझा अनुभव असा की, एक अतिउत्तम सेन्सर घेण्यापेक्षा गरजेपुरते चांगले दोन घ्यावेत आणि त्यातला एक कपाटात असावा. डायव्हिंगच्या जहाजांना हे लागू नाही, तिथं नियम पाळायचेच.

एका बाबतीत आपला अक्षांश आपल्या बाजूनं आहे. उत्तर शोधणारा जायरोकंपास पृथ्वीच्या फिरण्यावरून दिशा ओळखतो, आणि ध्रुवाकडे जाऊ तशी त्याची चूक वाढते. ६० अंश अक्षांशावर, नॉर्वेच्या समुद्रात, ती विषुववृत्तापेक्षा दुप्पट होते. मुंबईत जेमतेम सहा टक्क्यांनी वाढते. उत्तर समुद्रात लागतो म्हणून इथंही तेवढाच महाग कंपास विकत घ्यायचं कारण नाही.

हा विषय आता फक्त आमच्यासारख्यांचा राहिलेला नाही. १ जानेवारी २०२६ पासून बांधल्या जाणाऱ्या, ३००० ग्रॉस टन आणि त्याहून मोठ्या कंटेनर जहाजांना व बल्क कॅरियरना रोल मोजून त्याची नोंद ठेवणारा इलेक्ट्रॉनिक कलमापक किंवा तशीच दुसरी सोय सोलस या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांनी बंधनकारक केली आहे. कंटेनर समुद्रात पडण्याच्या घटना हे त्यामागचं एक कारण. २०२० मध्ये पॅसिफिकमध्ये 'वन ॲपस' या एका जहाजावरून १८०० हून जास्त कंटेनर गेले. हजारो खलाशी, त्यांत आपली कोकणातली आणि गोव्यातली मुलंही आहेत, आता या आकड्यासमोर उभे राहून पहारा देणार आहेत. गोव्यात राष्ट्रीय जलमापन संस्था आहे, तिथून दरवर्षी सर्व्हेचं शिक्षण घेतलेली माणसं बाहेर पडतात. या विषयाची जाण असलेल्यांची आपल्याकडे वाण नाही. निविदा लिहिताना त्यांना बोलवायला हवं.

म्हणून खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सहीच्या आधी एक दिवस त्या जहाजावर जा. सेन्सर जिथं बसणार आहे ती जागा पाहा, आणि ज्या माणसाला त्याचा आकडा वाचून निर्णय घ्यायचा आहे, मग तो क्रेनचालक असो, सर्व्हेअर असो की हेलिडेकवरचा अधिकारी, त्याला विचारा: तुला कुठली हालचाल कळायला हवी, कुठल्या ठिकाणची, आणि किती लवकर? त्याची तीन उत्तरं निविदेच्या पहिल्या पानावर लिहा. अंशांचा आकडा त्यानंतर लिहिला तरी चालेल.